झाकलेली वाटी

"आये, म्हैस व्याली की माझ्या वाटणीचा खरवस ठेव." परजातीची बायको करून दत्ता घराबाहेर पडला, तेव्हा उंबऱ्यातून एवढंच म्हणाला होता. सहा वर्षं तो आवाज अनसाबाईच्या कानात होता. म्हैस चारदा व्याली, चारदा तिनं वाटी झाकून ठेवली. "इसरला तो," तिचा नवरा कोंडिबा म्हणायचा. वाटी मांजर चाटायचं.

आता दौंडला डॉक्टरांपुढं ती हात पसरून बसली होती. बोटं सुजून फुगलेली. ऊन अंगणात उतरेपर्यंत मूठ वळत नव्हती, धार काढणं तर लांबच. शेजारी कोंडिबा. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन, खाकीतच आलेला.

"रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी घोळ घातलाय," डॉक्टर म्हणाले.

"पांढऱ्या? म्हंजी दुधामुळं व्हय?"

"नाही हो मावशी. त्या राखणीला असतात. रोग शिरला की धावून जातात. तुमच्यात मात्र त्या तुमच्याच सांध्यांत घुसल्यात. परकं समजून भांडतायत. म्हणून सूज. असंच चाललं तर हाडंही झिजतील."

अनसाबाईला काही उलगडेना. ती एकदा बोटांकडं बघे, एकदा कोंडिबाकडं.

"आपलंच घर वळखू येईना त्यास्नी?"

"का येत नाही, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

"मग हाकलायचं का त्यास्नी?"

"हाकलून कसं चालेल? थोडं शांत करायचं. ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेऊ नका."

स्टँडवर ती तेच घोळवत बसली. राखणीला ठेवलेलं, आन् घरालाच खातंय. कुणाला विचारावं? शेजारी खाकीतलं माणूस होतं.

"अहो, तुमी इतकी वर्सं गेटावर हाय. तुमच्या हातनं कवा आपलंच मानूस आडवलं गेलं का वो?"

कोंडिबा डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घालत राहिला. घडीवर घडी. त्यांच्या गावाची, न्हावऱ्याची एसटी लागली, माणसं दाराशी रेटली. तो उठला नाही.

"अनसे," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "दत्ता आला हुता. दोनदा. तू रानात हुतीस. त्याच्या कडंवर लेकरू हुतं. तुझी आय तुझं तोंड बघायची न्हाई, आसं सांगून मीच त्याला वाटंला लावला."