लेहचा मुक्काम

लेहच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकताच इंदुमतीबाईंचा श्वास छातीतच अडकला. भर जानेवारीत त्या एक लहान बॅग घेऊन आल्या होत्या. सातव्या महिन्यातल्या लेकीला, केतकीला, घेऊन लगेच मिरजेला परतायचं, मग ओझं कशाला? पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. शिवाय असल्या गारठ्यात पोरीचं करणार कोण?

न्यायला आलेल्या विहीणबाईंनी, आंगमोंनी, त्यांचं पातळ स्वेटर पाहिलं. स्वतःचा जाड लोकरी कोट काढून त्यांना घातला, वर बटणंही लावून दिली.

"अहो, तुम्हाला?"

"मला सवय आहे," आंगमो हिंदीत म्हणाल्या.

घरी केतकी शेगडीपाशी बसली होती. गाल चांगले भरले होते. आंगमोंनी आल्या आल्या तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि वाटीत उरलेल्या सूपवरून तिला दटावलं. केतकी लाडात हसली. तशी ती आजवर फक्त आईपाशीच हसायची.

इंदुमतीबाईंनी विहिणीचे गार पडलेले हात हातात घेतले.

"केतकीला नेत नाही मी. बाळंतपणापर्यंत मीच राहते इथे. चालेल ना? फक्त लोकरीचे मोजे तेवढे द्या."