बादलीबाहेरची तार

"धर की गं जाहिदा! फुलबाजी काय चावतेय व्हय?" म्हणत यशोदाकाकूंनी पेटती फुलबाजी तिच्या हातात दिलीच.

जेऊरहून सोलापुरात येऊन तिला चारच महिने झाले होते. घरमालकांच्या अंगणातली ही पहिली दिवाळी. काकूंचे यजमान गंगाधर सर, निवृत्त मास्तर. त्यांनी अंगणात पाण्याची बादली ठेवून सगळ्यांना दहादा बजावलं होतं, विझलेली तार बादलीतच टाकायची. दोन लेकरांची आई, पण जाहिदा पोरीसारखी हरखली. ठिणग्या संपतात न संपतात तोच काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. अन्नाचं ताट एका हातानं घेणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान, ही तिच्या आईची शिकवण. तिनं दोन्ही हात पुढं करून, मान लववून ते घेतलं.

"लई केलंत काकू."

तेवढ्यात मागं ओवी किंचाळली. ही सरांची सहा वर्षांची नात. तिचा अनवाणी पाय तापल्या तारेवर पडला होता. शेजारी जाहिदाची थोरली कौसर उभी होती आणि तार तिच्या हातात होती.

काकू टूथपेस्ट घेऊन धावल्या.

"पेस्ट नको. काहीच चोपडू नका," म्हणत सरांनी ओवीला नळाकडं नेलं. चांगली वीस मिनिटं पाय गार धारेखाली धरला, फोडाला हात न लावता वर स्वच्छ फडकं सैलसर गुंडाळलं. मग वळून विचारलं, "तार कुणी टाकली होती, कौसर?"

कौसरनं आईकडं पाहिलं. मान खाली घातली.

"मी."

जाहिदानं सगळ्यांदेखत फाडकन तिच्या मुस्काटात ठेवून दिली. "माफ करा सर. पोरीनं लाज आणली."

"लेकरू आहे. जाऊ द्या," सर म्हणाले. ते रागावले असते तर बरं, असं जाहिदाला झालं. ताट पदराखाली झाकून ती खोलीत आली. आता काकूंना तोंड कसं दाखवायचं? शरमेनं तिला त्यातली एक चकलीही खाववेना.

"सर ओरडून ओरडून दमले. कान कुटं होते तुजे?"

कौसरनं पाण्याचा पेला डाव्या हातानं उचलला, तेव्हा जाहिदाला शंका आली. तिनं पोरीची उजवी मूठ उघडली. तळव्यावर आडवी लालभडक रेघ, मधोमध फुगलेला फोड.

जाहिदानं तिला ओढत मोरीत नेलं, हात नळाखाली धरला.

"अगं, हे कसं झालं?"

"ओवीच्या पायाखालची तार ओढली ना, तवा."

"मग टाकली कुणी हुती?"

कौसर धारेकडं बघतच म्हणाली,

"अम्मी, ताट तू दोन्ही हातांनी घेतलंस."