नावं नसलेले डबे

बापानं भिरकावलेला पाना थोरलीच्या खांद्यावर बसला.

"परत विचारशील?"

परातीत काय ओतलंय, एवढंच तिनं विचारलं होतं. जुन्या मोटारीचा कार्बोरेटर त्यात बुडवलेला होता आणि अख्ख्या गॅरेजात पेट्रोलचा वास कोंडला होता.

"रॉकेल आहे. चाळीस वर्षं नाकानं ओळखतोय मी."

फळीवर चार डबे, चारही सारखे. रॉकेल, पेट्रोल, थिनर, स्पिरिट. नावं लिहायची म्हणून तिनं सकाळी खडू आणला होता. नावं शिकाऊ लिहितात, असं म्हणून बापानं तो भिरकावून दिला होता.

"बाबा, काल दूध करपून कोळसा झालं. तुम्ही शेगडीजवळच बसला होतात."

बापाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं तिच्या थोबाडीत दिली. तिच्या ओठातून रक्त आलं. रडू नाही आलं, संताप आला.

"गार रॉकेलात पेटती काडी विझते," बाप म्हणाला. "बघ आता डोळ्यांनी."

त्यानं खिशातून काडेपेटी काढली.

"बाबा, नको! जळून मरू दोघं!"

ती मधे आली, तर त्यानं तिचा गळा धरून तिला भिंतीवर आपटलं. पहिली काडी ओढताना मोडली. त्यानं दुसरी काढली.

थोरलीनं पाना उचलला आणि बापाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

काडेपेटी दाराबाहेर उडाली. बाप परातीवर कोसळला, परात उलटली, सदरा चिंब झाला. तरी गडी हटेना. धडधाकट हातानं त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं मडगार्डवर आदळलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली. बापलेक फरशीवर लोळत होते, धापा टाकत होते.

मग एकाएकी बापाची पकड सुटली.

त्याचा सदरा अंगावर गार पडत चालला होता. त्यानं बोटं नाकाशी नेली आणि दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग बोटं एकमेकांवर चोळली. रॉकेलाचा चिकटपणा कुठेच नव्हता. बोटं कधीच वाळली होती.

थोरली पाना उगारून उभी होती.

"तुझा तो खडू," बाप म्हणाला, "कुठे फेकला मी?"