कोपरा कापलेला फोटो

युद्धाचं वर्ष संपत आलं होतं. वर्तमानपत्राचं 'यंदा गमावलेली मोठी माणसं' हे पान तपासायला लष्करी अधिकारी आला होता. फोटोसंग्रह सांभाळणाऱ्या ताईंचा शिरस्ता होता: माणूस गेल्याची खात्री पटली, की फोटोचा कोपरा कापायचा. काल त्यांनी सख्ख्या भावाच्या फोटोला कात्री लावली होती. नावाजलेला इंजिनिअर; बॉम्ब पडला तेव्हा स्वतः बांधलेल्या पुलावरच होता. अधिकाऱ्याने पानावरच्या त्याच्या नावावर फुली मारली. "पूल शाबूत आहे, असं सरकारने जाहीर केलंय. मग हे मेले कसे? काढा." ताईंनी घरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर अधिकाऱ्याच्या हातात कोंबला. "आईला सांगायची माझी छाती झाली नाही अजून. तो जिवंत आहे, हे तुम्हीच सांगा." अधिकारी टेबलावरच्या फोटोच्या कापलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिला. पलीकडून घाईघाईने आवाज आला, "कोण, बाळा? कधी येतोस रे?"