आभाराचं कार्ड

‘कविता वाचून तुमची प्रतिक्रिया लिहा,’ असा गृहपाठ होता. सपनानं लिहिलं, ‘या चार ओळी वाचून मी तीन दिवसांचा अबोला सोडला अन् आईशी बोलले. कवीचे आभार.’ सरांनी लाल शेरा मारला, ‘हे गाईडात नाही.’

सपना इरेला पेटली. तेच आभार तिनं पोस्टकार्डावर उतरवले, पुस्तकात कवीचं गाव शोधलं अन् कार्ड सरळ पेटीत टाकलं. कवीला जाऊन तीनशे वर्षं झाली, हे तिला ठाऊक होतं. पण आभार पोचायला तर हवेत!

पंधरा दिवसांनी पोस्टमन तानबाकाका तेच कार्ड घेऊन दारात उभे. त्यावर वाटेतल्या कोणा टपालवाल्यानं लिहिलं होतं, ‘हे गृहस्थ हयात नाहीत.’ खाली दुसऱ्याच अक्षरात, ‘कविता कोणती?’ त्याखाली तिसऱ्या अक्षरात, ‘आमच्याही घरी अबोला आहे. कविता तातडीने पाठवावी.’

“आभार मानले, अन् कविताच नाई लिहिली? काऊन वं?” तानबाकाका खेकसले.

सपनाला हसू आवरेना. नव्या कार्डावर तिनं चारही ओळी लिहिल्या. “काका, पत्ता कोनाचा टाकू?”

“कवीचाच टाकजो. रस्त्यातले सारे वाट पाहून राह्यले.”