घाई किती टक्के

गोधड्या टांगून केलेल्या घरच्या स्टुडिओत नेल्सननं वडिलांना नवं गाणं ऐकवलं. त्यातली बेस गिटार त्याच्या आईच्या, रेजिनाच्या ढंगात वाजत होती. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीन तिच्यासारखं वाजवायला शिकलं होतं.

"पप्पा, चर्चमधल्या वर्षाच्या मिस्सेनंतर हेच लावू. मम्मीच वाटते ना?"

बावतीस डाबरेंनी शेवटपर्यंत ऐकलं. "कडव्यावरून ध्रुपदावर येताना ती घाई करायची. चाळीस वर्षं ड्रमवरून मी डोळे वटारले, तरी करायची."

"घाईपण घालता येते. किती टक्के हवी?"

"पूस ते."

"आणि बेस कोण वाजवणार? तुम्हाला कुठं येते?"

"नाही येत. पण हे गाणं तिनं ऐकलेलंसुद्धा नाही. तिच्या नावावर खपवायचं नाही."

त्यांनी कोपऱ्यातली तिची बेस गिटार मांडीवर घेतली आणि वायर जोडली. जाड तारांनी बोटं सोलवटली, तरी ते थांबले नाहीत. गाणं संपलं तेव्हा मशीनच्या पडद्यावर प्रश्न आला : एकतीस चुका आढळल्या. दुरुस्त करू?

"एकीलाही हात लावायचा नाही," डाबरे म्हणाले. "आणि नेल्सन, वादक म्हणून माझं नाव घाल."