वाट पाहणारा

जवळ सरकून बसा, परमुलखातली गोष्ट सांगते. आमचे हे मिशनरी पाळक, पण तिथली भाषा यांच्या जिभेवर बसेना. हे मराठीत कीर्तन गायचे, आमची आठ वर्षांची लेक भाषांतर करायची. दोन वर्षांत कुणाचं काळीज हललं नाही. "पालथ्या घड्यावर पाणी घालताय, आता परत जाऊ," मी म्हटलं. त्या रविवारी यांनी गायलं, "देव तुमची वाट पाहतो." लेकीनं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "देव रस्त्याकडे बघत उभा आहे." मागच्या बाकावरची लाँड्रीवाली उठली. "माझ्यासारखा?" घर सोडून गेलेल्या मुलासाठी ती रोज दारात उभी असायची. "अगं, चुकलीस," हे लेकीला म्हणाले. मी यांना थांबवलं. "राहू द्या हो. आज कीर्तन देवानंच केलंय." परत जायचं राहिलंच. प्रार्थनेत तिच्या मुलाला आठवा. तो अजून आलेला नाही.